ताट रिकामं परत जात नाही

इनआमने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "अल्ला, एवढे?"

रात्री भिजत घातलेले काबुली चणे फुगून काठापर्यंत आले होते. दोन-चार तर ओट्यावर उतरून फिरायलाही निघाले होते. चूक तिची नव्हती, तिच्या हाताची होती. पाच मुलांच्या पोटाचा अंदाज घेऊन चणे भिजवत आलेला तो हात. मुलं अम्मानला आणि कुवेतला गेली, हे त्या हाताला कुणी कळवलंच नव्हतं.

आता घरात हुम्मुसवर तुटून पडणारं तोंड एकच, आणि त्या तोंडावर डॉक्टर लमीसचा पहारा होता. तिच्या नवऱ्याला, तहसीन शिंप्याला, म्हणजे मोहल्ल्याच्या अबू फायेकला, फायेकच्या बापाला, साखर निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हुम्मुस खुशाल खा. पण वाटीभर, आणि रोटीऐवजी काकडीबरोबर. गोड मात्र बंद. पुढच्या तपासणीला आकडा उतरला नाही, तर इन्सुलिनची सुई. रोज, पोटात."

सुई म्हटल्यावर तहसीनने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"अहो, आयुष्यभर सुयांशीच तर संसार केलात," घरी येताना इनआम हळूच म्हणाली.

"माझी सुई कापडात जाते. कापडाचं काय होतं ते मी कधी विचारलंय का?"

आणि जिन्यात थांबून त्याने तिला अल्लाची शपथ घ्यायला लावली, की इमारतीत हे कुणाला कळता कामा नये. शिंप्याला साखर झाली की लोक म्हणणार याचे डोळे गेले, आणि ईदचे सगळे कपडे पलीकडच्या गल्लीतल्या त्या नवशिक्याकडे जाणार. इनआमने शपथ घेतली. सोमवार-गुरुवारचे रोजे न चुकवणारी, प्रत्येक नमाजेनंतर माळ पूर्ण केल्याशिवाय चुलीपाशी न जाणारी बाई ती. तिच्या लेखी शपथ म्हणजे शपथ.

तर चणे. शिजले, वाटले, तिळाची ताहिनी आणि लिंबू पडलं आणि परातभर हुम्मुस तयार झालं. तहसीन काकडी घेऊन हजर झाला. त्याच्या हातातली वाटी बघून इनआमने डोळे मिटले.

"ही सॅलडची आहे."

"डॉक्टरीणबाई वाटी म्हणाल्या. कुठली ते म्हणाल्या नाहीत."

हुम्मुस घरात ठेवणं धोक्याचं होतं आणि टाकून देणं पाप. तिने एक ताट भरलं, मधे खळगा करून त्यात ऑलिव्हचं तेल सोडलं, वर चिमूटभर लाल तिखट, आणि ती वरच्या मजल्यावरच्या उम्म जवादला, म्हणजे जवादच्या आईला, देऊन आली. परत येताना तिला किती हलकं वाटलं!

संध्याकाळी उम्म जवाद दारात उभी. हातात थाळी, थाळीत रव्याची हरीसा, पाकात न्हालेली, प्रत्येक वडीवर एक बदाम. "तुझं ताट लहान पडलं गं, म्हणून माझ्या थाळीत आणलं. हे घे तुझं ताट, खाली आहे."

नाबलुसमध्ये शेजारणीचं ताट रिकामं परत करणं म्हणजे तिला बाजारातून अनवाणी चालवणं. इनआम हे विसरली होती असं नाही. ताटात परत काय येईल याचा विचार तिने केला नव्हता. या गावात ताट परत येतं ते गोड होऊनच.

"कसला वास येतोय गं? संत्र्याच्या फुलांचा," आतून तहसीनने विचारलं.

"घरात साबण आहे," इनआम म्हणाली. ते खोटं नव्हतं. घरात साबण होताच.

त्या दिवशी सोमवार होता. सूर्य मावळल्यावर तिने खजूर आणि पाण्याने रोजा सोडला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून हरीसेकडे पाहिलं. फेकावी तर पाप, परत करावी तर अपमान, नवऱ्याला द्यावी तर सुई. तिने बिस्मिल्ला म्हटलं. नवऱ्यासाठी बाई काय काय करते! गोड लागली, यात तिचा काय दोष?

आता घरात उम्म जवादची थाळी राहिली. ती रिकामी कशी पाठवायची? आणि भरायला गोड आणावं, तर तहसीनचं नाक घरातच. मग हुम्मुसच भरलं. दुसऱ्या दिवशी त्या हुम्मुसच्या बदल्यात खजूर भरलेले गोड मामूल आले. मामूलच्या डब्यातून हुम्मुस गेलं, त्यावर पिस्त्याचा बकलावा आला. चणे पुन्हा भिजू लागले. तहसीन खूश होता; रोज ताजं हुम्मुस, रोज काकडी, आणि बायकोला दानधर्माचा एवढा उत्साह! तो चक्क सडसडीत होऊ लागला.

इनआम मात्र पाणी पिऊ लागली. तांबेच्या तांबे.

शेवटी तिला युक्ती सुचली. ताटच परत येणार नसेल तर? तिने बाजारातून कागदी ताटल्या आणल्या, एकीत हुम्मुस भरलं आणि वर नेऊन दिलं. "ही परत नको करूस हं. टाकून दे."

उम्म जवादने ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कागदात? अगं, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसांना वाढतात तसं? माझं काय चुकलं, उम्म फायेक?"

"नाही गं, तुला उगाच भांडी घासायला नकोत म्हणून..."

"माझे हात मोडलेत?"

तासाभरात उत्तर आलं. पितळी परात, काठोकाठ कनाफा. खाली चीज, वर केशरी चुरा, काठावरून पाक निथळत होता. आणि दार उघडलं तहसीनने.

इनआम धावत आली तेव्हा तो परात छातीशी धरून उभा होता, पहिलं नातवंड हातात घेतल्यासारखा. "बघ," तो कातर आवाजात म्हणाला. "शेजारधर्म."

"तपासणी गुरुवारी आहे," ती म्हणाली.

"एक तुकडा."

"सुई."

त्याने परात तिच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. "माझ्यासमोरून ने."

तिने नेली. आणि अल्लाची नेमत, त्याची देणगी, वाया जाऊ नये म्हणून बुधवार रात्रीपर्यंत तिने ती परात एकटीने संपवली. शेवटचा घास घशाखाली उतरेना, तरी तिने वर पाहून आभार मानलेच.

गुरुवारी तिने पहिल्यांदाच रोजा ठेवला नाही. तोंडाला अशी कोरड पडली होती की पाण्याशिवाय तास निघेना. दवाखान्यातल्या बाकावर ती बाटली घेऊन बसली आणि समोर पाहते तो काय, उम्म जवाद! शेजारी तिचा नवरा अबू जवाद, मान खाली.

"तुम्ही इथे कसे?" उम्म जवादने आधी विचारलं.

"आम्ही..." इनआमला शपथ आठवली. तिने तहसीनकडे पाहिलं.

"दात," तहसीन म्हणाला.

"आमचाही दात," अबू जवाद घाईने म्हणाला.

दारावर मोठ्या अक्षरांत मधुमेह लिहिलं होतं. चौघेही थोडा वेळ त्याकडे बघत राहिले.

"दोन वर्षं झाली यांच्या साखरेला," उम्म जवाद शेवटी म्हणाली. "आणि जवादची सासरवाडी मिठाईवाल्याची! दर आठवड्याला परात. व्याह्यांचं परत करता येत नाही, घरात ठेवता येत नाही. तुझं हुम्मुसचं ताट आलं आणि वाटलं, देवानेच जिना दाखवला. तुमच्याकडे काय, दोघं धडधाकट!"

"आणि ते सगळं गोड?" तहसीनने बायकोकडे वळून विचारलं. "गेलं कुठे मग?"

इनआमने पाण्याचा मोठा घोट घेतला.

आत डॉक्टर लमीस तहसीनच्या तपासणीचा कागद पाहून हसल्या. "शाब्बास, अबू फायेक! आकडा चांगलाच उतरलाय. हुम्मुस आणि काकडी चालू ठेवा. सुई नको." तहसीनने छातीवर हात ठेवून अल्लाचे आभार मानले. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची नजर बाटलीकडे गेली. "उम्म फायेक, तुम्ही सारख्या पाणी पिताय. बोट द्या जरा इकडे."

बोट टोचलं, यंत्राने टुक केलं आणि डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं.

"हे कधीपासून? आधीच काठावर असणार तुम्ही. कुणीतरी आत ढकललंय. काय खात होता?"

"शेजारधर्म," इनआम खाली बघत म्हणाली.

गोळ्या लिहून झाल्या. गोड बंद, हुम्मुस वाटीभर, रोजा आता विचारून. "आणि रोज सकाळी घरी बोट टोचून साखर बघायची. स्वतःला टोचणं जमत नाही सुरुवातीला. घरात कुणाचा हात सुईवर बसलेला आहे?"

 डॉक्टरीणबाई आणि इनआम, दोघी शिंप्याकडे बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर इनआम खिडकीपाशी बसली आणि तिने हात पुढे केला. तहसीनने ते इवलंसं यंत्र घेतलं. कपाळावर घाम. एकदा दिवाणाला टेकून बसला, एकदा उठला.

"दुखेल का गं?"

"मला की तुम्हाला?"

"तू बोलू नकोस. बिस्मिल्ला म्हण."

"तुम्ही म्हणा. सुई तुमच्या हातात आहे."

त्याने तिचं बोट चिमटीत धरलं, डोळे गच्च मिटले, मोठ्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि टोचलं. थेंब आला. पट्टीला लागला, यंत्राने टुक केलं. त्याने एक डोळा उघडून आकडा वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

"इनआम! अगं, एका दिवसात! इतकी छान साखर तर माझी असते!"

इनआमने आपलं कोरडं बोट वर करून दाखवलं. मग त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. थेंब तिथे होता.

तहसीननेही पाहिलं, आणि दिवाणावर हळूच आडवा झाला.