कान कापलेली ओळ

राजनंदिनीच्या प्रोजेक्टमध्ये माणूस आणि मेंढी शंभर टक्के सारखे निघाले. पेशी ज्या प्रथिनानं एकमेकींना धरून ठेवतात, त्याच्या पाच प्राण्यांतल्या अक्षरमाळा एकाखाली एक मांडून फरक शोधायचा, एवढंच तिचं एमएस्सीचं काम. उंदरात फरक निघाला, कोंबडीत निघाला. मेंढीत मात्र एकाही अक्षराचा नाही. असं कुठं असतं का?

तिनं घाबरत आपल्या गाईडना, वीरभद्रप्पा सरांना सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच. "अगं, हा शोध आहे, शोध." दुपारी बाराला पुण्याचे परीक्षक यायचे होते. सरांनी फळ्यावर अभिनंदन लिहवून घेतलं, सत्काराला सोलापुरी चादर मागवली. आता परीक्षकांनी चूक काढली तर आपलं वर्ष गेलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. चूक तेवढी दिसत नव्हती.

अकराला वडील धुळाप्पा सांगोल्याहून भाकरी घेऊन आले. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. लेकीचं उतरलेलं तोंड बघून त्यांनी तक्त्याचा कागद ओढला. "ह्या वरच्या वळीचा कान कुणी कापलाय?"

"मीच, आप्पा. ती माणसाची. तिची सुरुवातीची आठ अक्षरं नको होती."

"मग मेंढीचाबी तितंच कसा कापलाय? बाकीच्यांचे तर शाबूत हायेत. मोजताना एखादं मेंढरू फिरून परत रांगंत घुसतंय, कानाच्या खुणंवरनं कळतं. तू येकच दोनदा मोजलंस की."

खरंच, मेंढीच्या जागी तिनं माणसाचीच ओळ चिकटवली होती. बाराला पाच कमी असताना तिनं नवा तक्ता सरांपुढं ठेवला. सरांनी घाम पुसला.

परीक्षकांना तिनं सगळं खरं सांगितलं. "चूक पकडलीत कशी?" त्यांनी विचारलं.

ती तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ती आमची पद्धत आहे. कान-तपासणी."

परीक्षक खूश झाले. राजनंदिनीला भरघोस गुण मिळाले, चादर सरांच्या खांद्यावर पडली. तिला काय, वर्ष वाचलं होतं.

धुळाप्पा तोवर भिंतीवरचा, काचेत बसवलेला सरांच्या पीएचडीचा तक्ता निरखत होते. प्रत्येक ओळीशेजारी प्राण्याचं चित्र होतं. त्यांचं बोट सरकत सरकत थांबलं.

"सर, ह्ये कुत्रं आन ह्यो बेडूक. दोगांचा कान येकाच जागी..."

परीक्षक चष्मा पुसत वळले. सरांनी खांद्यावरची चादर काढली आणि तक्त्यावर पांघरली.