वेग : मिनिटाला शेहेचाळीस

केजला तहसीलसमोर माझं डीटीपीचं दुकान आहे. वीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय, फॉन्टच्या बाबतीत तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही! त्यामुळे माझ्या लेकीच्या, आरोहीच्या लग्नात वडिलांचा जुना बँड पुन्हा वाजवायचं ठरलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "तात्या, तुमची गाण्यांची वही मी कॉम्प्युटरवर उतरवतो. चार दिवसांत!"

तात्या म्हणजे माझे वडील, युसूफ वडगाव या गावचे तात्याबा बँडमास्तर. तांबडा कोट, पितळी बटणं, ओठांना क्लॅरिनेट. बँडपुढे असे चालायचे की नवरदेवाचं घोडं मागे राहायचं! लहानपणी मी त्यांच्या मागे पळायचो. आता दात गेले, गुडघे गेले, काठी आली. इच्छा एकच उरली होती, नातीच्या लग्नातल्या परण्याची, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीची.

"नवरदेवाच्या परण्यात बँडच्या म्होरं चालनार. येशीपासून मांडवापत्तुर. जीपमधी बसनार न्हाई!"

जीप मी तरीही सांगून ठेवली होती.

स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर घेतलं, स्वर भरले आणि गाडं अडलं. सॉफ्टवेअर विचारतंय, वेग किती? मिनिटाला ठोके किती? वहीत तर प्रत्येक गाण्यावर एकच शेरा : 'माझ्या पावलावर'.

"तात्या, तुमचं पाऊल म्हणजे किती?"

"इचारतो कावून? चालून दावतो की!"

ते अंगणात काठी टेकत चालले, मी मोबाईल धरून मोजलं. शेहेचाळीस. टाकला आकडा!

मग माझ्यातला कलाकार जागा झाला. वाजवणारे सगळे मोतीबिंदूवाले. म्हणून वेगाचा आकडा पत्रिकेत पुढाऱ्याचं नाव टाकतात तेवढा ठळक केला, वर महिरप काढली. पानावर जागा पुरेना, मग खालचे स्वर बारीक केले. अगदी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' एवढे! चौदा प्रती काढून वाटल्या.

ढोलवाले सुंदरराव पान लांब धरून म्हणाले, "एवढं मोठं लिवलंय म्हंजे पाळावंच लागंल!" त्यांनी मोबाईलवर टिकटिक लावून आठवडाभर तालीम घेतली.

लग्नाच्या दिवशी अकराला परण्या निघाला. ढम्... मग बऱ्याच वेळानं... ढम्! साडेअकराला आम्ही वेशीतच. बाराला पिठाच्या गिरणीपाशी. घोडं उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागलं, नवरदेवाचा फेटा घामानं सुटला. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि मांडवातून ब्राह्मणाचे फोनवर फोन!

व्याही भगवानराव तणतणत आले. "आवो पावनं, परण्या हाय का मयत?"

मी पळत सुंदररावांकडे गेलो. "काका, जरा हाणा की जोरात!"

"हानू कसं? शेहेचाळीस लिवलंय!"

"अहो, ते मीच लिहिलंय!"

"मंग छापायच्या आदी इचार करायचा व्हता! आमी तालीम केली हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वहीतलं पाऊल होतं चाळीस वर्षांपूर्वीचं आणि मी मोजलं होतं आत्ताचं!

माझी नजर पुढे गेली. तांबडा कोट ढगळ झालेला, तरी तात्या बँडच्या पुढेच होते. ढोल पडला की काठी पडायची, काठी पडली की पाऊल. जीप मागे रिकामीच येत होती. मी सुंदररावांच्या ढोलावर चिकटवलेलं पान ओढणार होतो, तो हात तसाच मागे घेतला.

दीड वाजता मांडव आला. तात्या घामानं निथळत होते, डोळे भरलेले.

"पाह्यलंस? आजून बँड माज्याच पावलावर वाजतो! आन् तुमी मला जीपमधी घालत व्हता!"

"हो तात्या," मी म्हणालो.

मुहूर्त कधीच टळला होता. भगवानरावांना मी सांगितलंय, सॉफ्टवेअर बिघडलं होतं. तात्यांना काहीच सांगितलेलं नाही. कधी वडगावला गेलात, तर तुम्हीही बोलू नका!