रामटेके काकांचं महागाचं पेट्रोल

आमचे शेजारी रामटेके काका गाडीत पेट्रोल भरत नसत. पाजत.

"महागाचंच पाजलं बरं का!" दर रविवारी सकाळी पंपावरून आले, की पार्किंगमध्ये उभं राहून, मान वर करून ते ओरडत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत काकू उभ्या असत. त्या मान डोलावत. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ज्यांची झोप तोवर मोडलेली नसे, त्यांचीही मग मोडे.

काका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी खात्यातून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि पुण्यात फ्लॅट घेऊन राहिले. भाषा त्यांनी भंडाऱ्याचीच ठेवली होती. पुणेरी टोमणा त्यांना बरोबर कळे, फक्त लागत नसे. त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा विरस होई. गाडी म्हणाल तर आठशे सीसीची, पांढरी, आधी कुणा डॉक्टरांनी यथेच्छ वापरलेली.

त्या दिवसांत पुण्यात जे ते नवीन येत होतं. हिंजवडीत कंपन्या येत होत्या, त्यांत काम करणाऱ्या मुलांच्या हप्त्यांवरच्या लांबलचक गाड्या आमच्या पार्किंगमध्ये येत होत्या, आणि पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलच्या शेजारी जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल आलं होतं. लांबलचक गाड्यांची मुलं मुकाट्यानं साधं भरत. महागाचं आमच्या काकांना लागे.

आता यात माझं काय जात होतं? सांगते. मी चिंचवडला एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात होते. दिवसभर इंजिनं चालवून बघायची, तापवायची, कुठं ठोके पडताहेत का ते ऐकायचं, हा माझा धंदा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हो. दाबाखाली पेट्रोलनं आपणहून भडकू नये, ठिणगी पडेपर्यंत दम धरावा, याचं ते माप. ज्या इंजिनात दाब जबरदस्त, त्याला ते हवं. काकांच्या गाडीत दाब होता बेताचा. तिला महागाचं पाजणं म्हणजे वरणभात जेवणाऱ्या माणसाला पैलवानाचा खुराक लावणं. हे मी त्यांना जिन्यात सांगितलं, गणपतीच्या आरतीला सांगितलं, पाण्याच्या टाकीवरच्या मीटिंगमध्ये, विषय नसताना, सांगितलं.

"असं नाही ना, मॅडम," काका शांतपणे म्हणत. "पाहा, कशी हसून राहिली."

"गाडी हसत नाही, काका."

"साध्यावर नव्हती हसत."

"तुम्हीच ओतताय, तुम्हीच हसताय."

"आहार आहे बापा तिचा. आहार सुधारला, की स्वभाव सुधारतो."

आता या माणसाशी बोलणार काय, कप्पाळ! शेवटी मी जाहीर केलं, की एका रविवारी सगळ्यांसमोर चाचणी घेईन. गाडीत कुठलं पेट्रोल आहे ते काकांना सांगायचं नाही, आणि त्यांनी चालवून ओळखायचं. सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. काका मात्र पहिल्यांदाच गप्प झाले. मला वाटलं, घाबरले. खरं सांगते, बरं वाटलं मला.

पण चाचणीचा दिवस ठरण्याआधीच एक रविवार काही वेगळाच निघाला. माझी स्कूटर पंक्चर होती आणि मी भाजीला निघाले होते. काका पार्किंगमध्ये गाडी काढत होते. "बसा," म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. वाटेत कळलं, लोणी काळभोरला काकूंच्या थोरल्या बहिणीला अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं जवळजवळ गेलं होतं, पण धाकटीचं नाव तेवढं घेत होती. काकू यायला तयार झाल्या होत्या. पेट्रोल पाजून आणलं, की निघायचं.

पंपावर पाटी लावलेली. 'महाग पेट्रोल संपले आहे. कधी येणार ते आम्हांसही माहीत नाही.'

काकांचा चेहरा उतरला. "सातारा रोडला पाहू," म्हणाले. सातारा रोडला नव्हतं. "स्वारगेटकडे पाहू." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो काका, तिकडे बहीण वाट बघतेय! साधं भरा आणि निघा! या इंजिनाला काडीचा फरक पडत नाही!"

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"फरक पडत नाही म्हणून. तुम्ही सांगायच्या आधीपासून माहीत आहे."

मग त्यांनी सांगितलं. मागं एकदा दोघं निघाले असताना मार्केट यार्डच्या चौकात गाडी झटके देत बंद पडली. मागे कांद्याचा ट्रक. त्याचा ब्रेक लागला तो अगदी काकूंच्या कानाशी. लागलं कुणालाच नाही, पण काकूंनी धसका घेतला. गाडी नको, रिक्षा नको, बस नको. पुढं पुढं तर खाली उतरणंही नको. वर्ष होऊन गेलं होतं. मला वाटे, बाई माणूसघाणी आहे.

"चूक माझ्या पायाची होती. क्लच लवकर सोडला. पण तसं सांगितलं असतं, तर ती माझ्यासोबत बसली असती का कधी? मग हे नवं पेट्रोल निघालं. तिला म्हटलं, मागचा सगळा दोष पेट्रोलचा होता. यानं गाडी बंद पडत नाही. तेव्हा कुठं ती गॅलरीत उभी राहायला लागली. मग खाली पार्किंगपर्यंत. आज बसतो म्हणाली."

"मग साधं भरा आणि महागाचं सांगा की!"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "काहून? एक खोटं बोललो, तेवढं पुरे ना. पाजलं म्हटलं, तर पाजलेलं पाहिजे."

शंकरशेठ रोडच्या पंपावर महागाचं मिळालं. ते पाजेपर्यंत मी शेजारच्या हातगाडीवरून मेथी घेतली.

परत आलो, तर काकू खाली उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात डबा. गाडीच्या दाराला हात लावून त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तू इंजिनातली आहेस. खरं सांग, पोरी. या पेट्रोलनं बंद नाही ना पडत?"

काका बोनेटकडे बघत होते. मी कारखान्यात लाज येईल अशा आवाजात म्हणाले, "नाही पडत, काकू. चाचणी घेतलीय आम्ही."

काकू बसल्या. काकांनी गाडी सुरू केली, फाटकापर्यंत नेली आणि तिथं, घाबरलेल्या पायानं, क्लच सोडला. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

मी धावले. फाटकातून पुढे होऊन बोनेटसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. "थांबा, थांबा! बरं झालं थांबवलीत! काकू, लोणीहून येताना मेथी आणाल?"

काकूंनी काच खाली केली. "अगं, हातात मेथीच आहे की तुझ्या!"

"ही इथली. मला लोणीची हवी."

"त्यासाठी गाडीपुढे उडी मारतात होय? वेडी कुठली!" काकू हसल्या. काकांनी तेवढ्यात गाडी सुरू केली आणि गेले.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी दार वाजलं. दारात काकू, हातात मेथीच्या दोन जुड्या.

"ताईनं ओळखलं मला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं चार घास खाल्ले. हात सोडेना."

"आणि गाडी?" मी भीत भीत विचारलं.

"हडपसरला दोनदा बंद पडली की! यांना घाम फुटला. मीच म्हटलं, अहो, घाबरता कशाला? पेट्रोल चांगलं आहे, होईल सुरू. आणि झाली. पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय."

काका त्यांच्या मागे जिन्यात उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.