खुनाला पंच पाहिजेत

मी नववी ‘ब’ची चैताली. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि तेव्हापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही. म्हणूनच मी थेट ऋतिकाच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, “रविवारी दहाला विश्रांतवाडीला माझ्याकडे या. असा खून दाखवते की आठवडाभर झोप लागणार नाही!”

ऋतिका म्हणजे आमच्या वर्गाचं केंद्र सरकार. ती ज्यांच्याबरोबर डबा खाते त्याच मुली जगात आहेत. बाकीच्या नुसत्या हजेरीपटात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“येऊ. बोअर झालं तर तुझा डबा तू एकटीने खायचा.”

मी निर्धास्त होते. प्रज्ञेशदादा हिंजवडीला कंपनीत लागल्यापासून आमच्याकडे कंप्युटर होता, त्यात भारीतलं ग्राफिक्स कार्ड होतं आणि ‘डेड हार्बर सिटी’ नावाचा नवाकोरा गेम होता. मी तो अजून खेळले नव्हते. पण ज्याच्या डबीवर एवढं रक्त, तो गेम वाईट कसा असेल?

रविवारी ऋतिका, कल्याणी आणि आणखी दोघी आल्या. आई विहारात वंदनेला गेली होती. गेम सुरू झाला आणि चौघींच्या तोंडून एकदम “आईशप्पथ” निघालं. काय तो पाऊस! डिटेक्टिव्हच्या कोटाच्या बटणावरून थेंब ओघळताना दिसत होता. डबक्यात दुकानाची पाटी उलटी दिसत होती आणि चक्क वाचता येत होती.

मग डिटेक्टिव्ह गाडीत बसला आणि सिग्नलला थांबला.

“पुढे घे ना,” कल्याणी म्हणाली.

“घेता येत नाही. लाल आहे.”

“पुण्याचा नाही वाटतं हा.”

असे अकरा सिग्नल. उतरल्यावर त्याने एक कपाट उघडलं. रिकामं. बंद केलं. दुसरं उघडलं. चाळीस मिनिटांत आम्ही एकवीस ड्रॉवर पाहिले.

“आमची आई दिवाळीत हेच करते,” ऋतिका म्हणाली. “पण तिच्या कपाटात निदान काहीतरी सापडतं.”

कल्याणीने जांभई दिली. मला मधल्या सुट्टीत एकटी बसलेली मी दिसायला लागले. घाबरून स्पीकर पूर्ण मोठे केले, आणि नेमकी तेव्हाच गेममधली बाई किंचाळली.

दोन मिनिटांत दारावर काठी आपटली. खालच्या मजल्यावरचे दिगंबर आजोबा, निवृत्त हवालदार, बनियनवर उभे.

“कोण ओरडलं?”

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. तिथे एकदाचं प्रेत पडलं होतं आणि डिटेक्टिव्ह वाकून चाकू उचलत होता.

“ए, हात लावू नकोस!” आजोबा त्याच्यावर खेकसले. मग मला म्हणाले, “पंचनामा झाला?”

“आजोबा, गेम आहे हा.”

“असेल. प्रेत आहे ना? वही आण.”

मी वही दिली आणि ऋतिकाकडे बघायचं टाळलं. आजोबांनी खुर्ची ओढली.

“प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला?”

“डावीकडे,” कल्याणी म्हणाली.

“डावीकडे ही दिशा नव्हे. कंप्युटर कुठल्या भिंतीला आहे?”

“उत्तरेच्या.”

“मग पश्चिमेला. लिही. अंतर मोजा.”

आणि काय आश्चर्य! ऋतिका उठली. माझ्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन तिने प्रेतापासून चाकू साडेसहा सेंटिमीटरवर असल्याचं जाहीर केलं. बाकीच्या स्क्रीनला नाक लावून रक्ताचे डाग मोजू लागल्या. कल्याणी वहीत ‘सदर मयत इसम’ असं झोकात लिहीत होती.

“आता दोन पंच,” आजोबा म्हणाले. “अठरा पूर्ण झालेले. तुमच्या सह्या चालणार नाहीत.” गॅलरीत जाऊन त्यांनी तळमजल्यावरच्या शेजारणीला खास हवालदारी आवाजात हाक मारली, “कांताबाई, वर या. चैतालीच्या घरात खून झालाय, पंच कमी पडतायत.”

कांताबाई वर आल्या, पण तिन्ही मजले फिरून. पाठोपाठ अख्खी बिल्डिंग जिन्यात. तेवढ्यात फाटकातून आई आली. सोबत विहारातल्या पाच बायका, चहाला. सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत. दर रविवारी याच साड्या आमची बिल्डिंग बघते. पण त्या दिवशी त्या पाहून लोकांची उरलीसुरली शंका मिटली. कुणी आईला आधार द्यायला धावलं, कुणी पाणी आणलं.

“गुणी होती हो पोरगी,” कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला. “बोलायची जरा जास्त, पण गुणी.”

मी त्यांच्या मागेच उभी होते. “कोण हो, कांताबाई?”

त्यांनी वळून पाहिलं आणि अशा किंचाळल्या की गेममधल्या बाईने त्यांच्याकडे क्लास लावावा.

आईने मला पाहिलं, आजोबांना पाहिलं, वही पाहिली. मग जिन्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “मेलेली नाही. संध्याकाळपर्यंत बघू.”

संध्याकाळी गेम कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि ऋतिकाचा फोन आला. “पुढच्या रविवारी पण दहाला मोकळी आहेस ना?”

मी हवेत! “हो, दुसरी लेव्हल घेऊ. किल्ली मी मिळवते.”

“लेव्हल नको गं. आजोबांकडे जमतोय आम्ही. ते प्रात्यक्षिक घेणार आहेत. तू पण ये, आम्हाला प्रेत लागतंय.”

“आणि डबा?”

“नीट पडून राहिलीस तर बघू.”

तर सध्या मी रोज चटईवर न हलता पडायचा सराव करतेय. दहा मिनिटं जमतं. मग नाक खाजतं.