टिल्लूंची गृहभेट

सहा वर्षांखालच्या तीन मुलांनी डॉ. श्रीनिवास टिल्लूंची बढती अडवून ठेवली, ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी समोर होतो. म्हणजे समोर नव्हतो, पण अंगणवाडीच्या शेवंताताई होत्या, आणि त्या सहसा खोटं बोलत नाहीत.

नियम जुनाच. बालआरोग्याच्या संशोधकाला प्राध्यापक व्हायचं तर अंगणवाडीच्या समितीची मान्यता लागते. टिल्लूंच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. जेवणापूर्वी हात धुण्याची सवय कशी लागते, यावर त्यांनी चोवीस वर्षं घालवली होती. एकशे बारा गावांचे हात तपासून झाले होते. स्वतःचे दोन तेवढे राहिले होते.

रविवारी सकाळी समिती घरी आली. अध्यक्ष ओवी, वय साडेचार. सदस्य मल्हार, वय तीन. तिसरी सदस्य दीड वर्षाची, शेवंताताईंच्या कडेवर. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून निर्णायक मत तिचं.

वसुधाताईंनी नवऱ्यापुढे थालीपीठ ठेवलं. टिल्लूंनी लगेच तुकडा मोडला. मल्हारने कागदावर फुली मारली.

"काका, हात?" ओवीने विचारलं.

"मी रोज धुतो गं. आजच जरा घाईत..."

"सगळ्या आया हेच सांगतात."

"अहो, पण मी आई नाही. मी या विषयातला—"

"सांगितलेलं लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. तुमच्याच फॉर्मवर आहे." ओवी वसुधाताईंकडे वळली. "काकू, तुम्ही पाहिलंय?"

"एकवीस वर्षं झाली लग्नाला," वसुधाताई म्हणाल्या. "वाट पाहतेय."

टिल्लूंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की पाहणीची पद्धत निर्दोष होती. ती त्यांनीच बसवली होती.

समितीने त्यांच्यावर त्यांचाच उपाय लागू केला. बेसिनवर बेडकाचं चित्र लावलं, साबण दोरीला बांधला, हात धुताना म्हणायचं गाणं पाठ करून घेतलं. दुसऱ्या कडव्यात टिल्लू अडखळायचे. ते कडवंही त्यांचंच होतं.

"एकवीस दिवसांनी अचानक येऊ," ओवीने बजावलं. "घाबरवायला नाही हं, बघायला."

बरोबर एकविसाव्या दिवशी, काही न कळवता, समिती दारात उभी राहिली. टिल्लू बेसिनपाशी होते. कोपरापर्यंत फेस, बेडकाचं गाणं दोन्ही कडव्यांसह, तेही सुरात. धाकट्या सदस्येने त्यांचा तळहात हुंगला, थोडा चाटला आणि तोंडातला ओला अंगठा काढून मान्यतापत्रावर टेकवला. टिल्लू प्राध्यापक झाले. सवय बदलता येते, असा शेरा मल्हारने मारला. म्हणजे एक मोठा गोल काढला.

आता कबूल करतो. यातलं सगळं खरं आहे, फक्त "काही न कळवता" हे मी घातलं. शेवंताताईंनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता.