चकणा म्हणायचं न्हाई

चाकण रोडच्या हॉटेलात वेटरनं विचारलं, "साहेब, चकणा काय देऊ?" आणि आमच्या आबा डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "ह्या शब्दानं पोरं शाळेत रडत्यात, आन् तू त्यो शेंगदाण्याबरोबर वाढतो व्हय?" वेटर कांदा-लिंबू तिथंच टाकून पळाला. पार्टी माझ्या प्रमोशनची, आणि भाषण झालं तिरळेपणावर.

आबा म्हणजे सांगवीतले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. जुने गाववाले. भावांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, हे डोळ्यांचे डॉक्टर झाले. आता निवृत्त, बायको गेलेली, पण स्वस्थ बसतील तर शपथ. लिफ्टमध्ये पोर दिसलं की पेनटॉर्च काढून नाकासमोर फिरवणार. "मान न्हाई हलवायची. डोळं हलव." एकदा वॉचमनलाच असं उभं केलं, पाण्याचा टँकर गेटवर हॉर्न मारत बसला. काही रीत असते की नाही, राव?

हद्द केली ती माझ्या ईराच्या तिसऱ्या वाढदिवसाला. केक राहिला बाजूला, ह्यांचा टॉर्च सुरू. माझी आई कौतुकानं म्हणाली, "जरा तिरपं बघते, पण शुभ असतं ते. लक्ष्मी आहे आमची."

"लक्ष्मी न्हाई वहिनी, डोळा आळशी हाय. आत्ता कामाला लावला न्हाई, तर त्या डोळ्यानं पोरीला कधीच नीट दिसायचं न्हाई."

भर पाहुण्यांत! माझं डोकंच फिरलं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून ईराला पिंपरीला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याही तेच म्हणाल्या. चष्मा लागला, शिवाय रोज संध्याकाळी चांगल्या डोळ्यावर पट्टी.

ईरा ती ओरबाडून काढायची, घर डोक्यावर घ्यायची. मग आबाच वर येऊ लागले, स्वतःच्या डोळ्यावर पट्टी चिकटवून. दोघं एका डोळ्यानं मणी ओवत बसायचे. आबांचा दोरा कधी भोकात जायचा नाही, आणि हरले की तिच्याशीच भांडायचे. माझ्या घरात येऊन माझ्या पोरीशी भांडण, आणि चहा आलं घालूनच हवा.

वर्ष उलटलं. ईराचा डोळा सुधारला, पट्टी बंद झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात आबा, डोळ्यावर पट्टी.

"आबा, पट्टी कालच सुटली ना तिची?"

त्यांनी आपली पट्टी हळूच सोलून काढली. "व्हय की. ध्यानातच न्हाई राहिलं." पट्टीची घडी घालत म्हणाले, "संध्याकाळी खाली करमत न्हाई रे."

आणि जिन्याकडं वळले. मला असा संताप आला म्हणून सांगू. वर्षभर हक्कानं घर गाजवलं, आणि आता परक्यासारखे निघाले.

"आत या आधी," मी खेकसलो. "ती कधीची वाट बघतेय."