चपला हुंगणारे हेरेकर

आमच्याकडे पाहुणे आलेले असले की हेरेकर सरळ आत यायचे नाहीत. दारातच उकिडवे बसायचे, पाहुण्यांच्या चपला एकेक करून उचलायचे, उलट्या करून तळ बघायचे आणि मग नाकाशी नेऊन लांब श्वास घ्यायचे. वास पसंत पडला तर चप्पल अलगद जागेवर ठेवायचे. नाही पडला तर उलटीच टाकून आत यायचे आणि जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाला म्हणायचे, "पावणं, फसलासा की! काय खरं न्हाय बगा तुमच्या चपलांचं."

दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत होतं. हेरेकर गेले की ती आधी सगळ्या चपला सुलट्या करायची आणि मग माझ्याशी भांडायची. म्हणजे मत खरंच ठरायचं. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा तर कहर झाला. मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेले, आणि दारातून हेरेकर त्यांचीच चप्पल हातात घेऊन आत आले. "ह्या कुणाच्या?" असं दरडावून विचारलं. वडील घाबरून म्हणाले, "माझ्या." हेरेकर म्हणाले, "तळात पुठ्ठा हाय. पावसात गेलासा तर अनवाणी परत येशिला." लग्न जमलं, पण ते हेरेकरांमुळे नव्हे, हेरेकर असूनही जमलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका हायस्कुलात मास्तर होतो. हेरेकर आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्यांत एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "धाडस झालं न्हाय." चंदगडकडच्या डोंगरातल्या वाड्यांमधून हिरडा गोळा करायचा आणि कोल्हापुरात कातडं कमावणाऱ्यांना पोचवायचा, अशी एक लहानशी सोसायटी होती. तिचे हेरेकर सेक्रेटरी. हमालही तेच आणि शिपाईही तेच.

हिरडा आपल्याला ठाऊक असतो तो खोकल्यापुरता. पण अस्सल कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याची पूड यांत मुरवलेलं असतं. त्याला वेळ लागतो. त्यामुळे काही चलाख मंडळींनी कातडं रसायनात बुचकळून झटपट तयार करायला सुरुवात केली होती, आणि हेरेकरांचं नाक त्यांच्या मागावर असायचं.

"चपलेला हिरड्याचा वास आला की मला कळतंय, वर झाड अजून जित्तं हाय," ते सांगायचे. "हिरडा कुणी घेईना झालं तर वाडीवाली मान्सं झाडाचं काय करतील? कोळसेवाला बसलाय की टपून. आता काय खरं न्हाय, मास्तर."

हे 'काय खरं न्हाय' दिवसातून किती वेळा ऐकावं लागे, त्याला सुमार नव्हता. माणसानं भ्यावं, पण त्याला काही धरबंध असावा की नाही? हिरड्याचा भाव पडला की हेरेकर भ्यायचे, कारण मग लोक झाडं कोळशाला विकतील. भाव चढला की दुप्पट भ्यायचे, कारण मग लोक पडलेला हिरडा वेचण्याऐवजी फांद्याच्या फांद्या तोडून आणतील. भाव स्थिर राहिला तर ते रात्री झोपायचे नाहीत. "एवढं समदं बरं कसं काय चाललंय?" असं सकाळी येऊन मलाच विचारायचे. मी काय सांगणार? मी भूगोल शिकवायचो.

त्यातच एके वर्षी कोल्हापुरी चपलेला परदेशात मागणी आली. गोव्याला आलेले केसाळ गोरे लोक चपला घालून आपापल्या देशी गेले आणि तिथल्या लोकांना त्या आवडल्या, असं म्हणत. सगळं कोल्हापूर खूश. हेरेकरांचं मात्र धाबं दणाणलं. कृष्णाबाई नावाच्या एक विधवा बाई कातडं कमावायचा कारखाना स्वतः चालवायच्या. सोसायटीचा बहुतेक माल त्याच घेत. त्यांनी हेरेकरांना सुनावलं, "आवंदा माल जास्त लागंल. पर गेल्या खेपेला पोत्यात माती, लेंड्या, काटक्या, काय न्हवतं सांगा! असला माल आला तर दारातनं परत लावीन."

 त्याच आठवड्यात हेरेकर डोंगरात गेले आणि वाडीतल्या बायकांना समोर बसवून त्यांनी भाषण केलं. फांदी तोडायची नाही. झाडाखाली आपोआप पडलेलाच हिरडा वेचायचा. झाडावर पाखरांसाठी, जनावरांसाठी राहू द्यायचा. आणि माल स्वच्छ हवा. स्वच्छ म्हणजे कसा, तर आरशासारखा. घाणीचा एक कण दिसला तर सोसायटी बुडाली, झाडं गेली, सगळं गेलं. माणूस इतका घाबरलेला होता की बायकाही घाबरल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत माल उचलायला ते मला बरोबर घेऊन गेले. एकट्यानं जायची त्यांना भीती वाटत होती. एसटी घाटाला लागल्यावर ते डोळे मिटून बसले आणि प्रत्येक वळणाला मला विचारू लागले, "चाक रस्त्यावर हाय न्हवं?" अर्ध्या घाटात मीही डोळे मिटून घेतले. भीती फार लवकर लागते.

वाडीत पोचलो तर बायकांच्या म्होरक्या बायजाबाई हसत सामोऱ्या आल्या. भरलेली पोती ओळीनं लावलेली होती. बायजाबाईंनी एका पोत्याचं तोंड सोडलं आणि अभिमानानं म्हणाल्या, "बगा सेक्रेटरी. एक कण दावा घाणीचा."

घाणीचा कण नव्हता. हिरडा चकचकीत होता. हेरेकरांनी पोत्यात हात घातला आणि ते तसेच उभे राहिले. हात ओला झाला होता.

"बाई, हे काय केलासा?"

"धुतला की! समदी वाडी दोन दिस ओढ्यात हुती. पानी पिवळं हुईस्तोवर चोळून चोळून धुतला. तुमीच म्हनालासा, आरशावानी पायजे."

वाळलेला हिरडा धुवायचा नसतो. त्यातला कातडं कमावणारा कस पाण्यात उतरतो आणि उरलेला पोत्यात कुजतो. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि बायजाबाईंना तर होतंच होतं. त्यांनी तसं म्हणूनही बघितलं होतं म्हणे. पण भाषणाच्या दिवशी सेक्रेटरींचा चेहराच असा होता, की सगळ्यांना वाटलं, शहरात काहीतरी नवीनच आक्रित झालेलं दिसतंय. स्वच्छ म्हणजे स्वच्छ, मग धुवा!

मला हसू फुटत होतं, पण तेवढ्यात मी समोर पाहिलं. हिरड्याच्या झाडांखाली चार माणसं बसली होती. कोळशाच्या ठेकेदाराची. ती काही बोलत नव्हती, कुणाला धमकावत नव्हती. भाकरी खाऊन झाली होती आणि त्यातला एक जण सावकाश कुऱ्हाडीला धार लावत होता. पलीकडचा डोंगर त्यांनी आदल्या साली संपवला होता. त्यावर एक झुडूप उरलं नव्हतं, आणि तांबडी माती वाहून खालच्या भातखाचरांत येऊन बसली होती. मी आयुष्यभर पोरांना जमिनीची धूप शिकवली. ती अशी समोर कधी पाहिली नव्हती.

बायजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्येस्नी सांगितलंय, म्होरल्या शनवारच्या बाजारापत्तोर थांबा. हिरडा खपला तर झाडाला हात लावू द्यायचो न्हाय. पर परत आला तर सेक्रेटरी, आमास्नी दुसरं काय हाय हितं?"

हेरेकर काय म्हणणार म्हणून मी बघत होतो. मला वाटलं, आता 'काय खरं न्हाय' येणार. ते आलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते म्हणाले, "खपतोय. मी वाळवून घालतो."

डोंगरात वाळवणं शक्य नव्हतं. तिकडे रोज दुपारी पाऊस पडत होता. ट्रक करून माल कोल्हापुरात आणला. कृष्णाबाईंनी एक हिरडा फोडून बघितला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "कस बराच हाय अजून. शनवारच्या आत खडखडीत वाळवा. बुरशी धरली तर मात्र मी घेनार न्हाय, सांगून ठेवते."

खडखडीत ऊन म्हणजे राजारामपुरीतल्या गच्च्या. हेरेकर घरोघर गेले. ज्यांच्या पाहुण्यांच्या चपला त्यांनी वर्षानुवर्षं उलट्या टाकल्या होत्या, त्यांच्याच दारात हात जोडून उभे राहिले. आमच्या गल्लीत मनाची श्रीमंती फारशी नव्हती. पण ते कुऱ्हाडीला धार लावणाऱ्या माणसाबद्दल असं काही सांगायचे की ऐकणारा मुकाट्यानं गच्चीची किल्ली काढून द्यायचा. दोन दिवसांत कुरडया-पापड खाली आले आणि सगळ्या गच्च्यांवर हिरडा पसरला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तर दवाखान्याचं छतही दिलं.

आणि मग आमच्या गल्लीला हेरेकरांची भीती लागली. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता मध्येच उठून आभाळ बघून यायची. दूधवाला दारात आला की लोक आधी विचारायचे, "गावाकडं ढग हायत काय?" डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून खिडकीतून वर बघत राहायचे, आणि पेशंट बिचारा आपल्यालाच काहीतरी झालंय म्हणून अर्धमेला व्हायचा. मी रात्री दचकून उठायला लागलो. पंख्याचा आवाज मला पावसासारखा वाटायचा. बाजाराचा दिवस जवळ येत होता आणि हिरडा अजून पुरता वाळून खडखड वाजत नव्हता.

शुक्रवारी दुपारी वळीव आला. ऊन होतं तोवर होतं, आणि एकाएकी पूर्वेकडून काळंभोर आभाळ चढलं, वारा सुटला, गल्लीत धुळीचे लोट उठले. हेरेकर आमच्याच गच्चीवर होते. त्यांनी ते बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसते हात हलवत राहिले.

ओरडली ती आमची सौभाग्यवती. "अहो धावा! हिरडा!"

त्यापुढचं मला नीट सांगता येणार नाही. सगळी गल्ली वर धावत होती. कुणी चादरीत गोळा करत होतं, कुणी लुगड्यात, कुणी सरळ पदरात. डॉक्टर गळ्यात नळी अडकवून छतावर, आणि त्यांच्या मागोमाग ताप आलेले दोन पेशंट. थेंब पडायला लागले तेव्हा शेवटची गाठोडी जिन्यात होती. मग गारा आल्या. प्रत्येकाच्या पुढच्या खोलीत हिरड्याचे ढीग, आणि दारादारात ओलीचिंब माणसं उभी. किती भिजला आणि किती वाचला, कुणालाच कळत नव्हतं. मी पोरांच्या परीक्षेच्या निकालालाही इतकी घाबरलेली गल्ली पाहिलेली नाही.

पाऊस ओसरला तशा कृष्णाबाई आल्या. त्यांनाही धीर निघाला नव्हता. एकेका घरात जायच्या, ढिगाच्या मधून एक हिरडा काढायच्या, उंबऱ्यावर ठेवून दगडानं फोडायच्या. प्रत्येक वेळी आम्ही सगळे श्वास रोखून ऐकायचो. कट्कन फुटला की पुढचं घर. दवाखान्यातला ढीग भिजला होता, तो त्यांनी बाजूला काढला. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्येवढा सोडून समदा घेते. सांजंला गाडी लावते. वाडीला सांगावा धाडा."

गल्लीनं एकच गलका केला. वाडीकडे रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप गेला. लोक आपापल्या घरी डोकी पुसायला गेले. हेरेकर मात्र दिसेनात.

ते आमच्या जिन्यात सापडले. सगळ्यात खालच्या पायरीवर, एका पोत्याला टेकून बसले होते. पोत्यातला एक हिरडा काढून पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. मी म्हटलं, "हेरेकर, आता कशाला भिताय? घेतला की माल बाईंनी."

त्यांनी तो हिरडा पोत्यात परत ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, भ्यायचं कुनाला आवडतंय? पर त्या झाडांसाठी भ्यायला दुसरं कोनच न्हवतं. वाडीवाल्यास्नी पोटाची काळजी, बाईस्नी कातड्याची. झाडासाठी मी एकलाच भ्यायचो. घरात बोलायला मानूस न्हाय, मग रातभर आपलं एकट्यानंच." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आज दारादारात बगितलं मी. समदी गल्ली भ्यालीती."

 चहा सांगून येतो म्हणून वर गेलो. कप घेऊन परत आलो, तर हेरेकर तसेच पोत्याला टेकून झोपी गेले होते. तोंड उघडं, चक्क घोरत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

कृष्णाबाईंची गाडी अजून यायची होती. पूर्वेला पुन्हा वीज चमकत होती. मी कप खाली ठेवला, त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसलो आणि आभाळाकडे बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला फार भीती वाटत होती.